एर्सिलिया खुल्या गटात खेळते

आमच्या मोका गावात एर्सिलिया पोलांकोला लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. ती शाळेच्या मुलांची बस चालवते आणि तिचा आवाज त्या बसच्या हॉर्नपेक्षा मोठा आहे, ही एक. दुसरी म्हणजे टेबल टेनिसमध्ये ती चेंडू मरू देत नाही. तिच्या बॅटीला एका बाजूनं गुळगुळीत रबर आणि दुसऱ्या बाजूनं लांब दाण्यांचं. समोरच्यानं कितीही हाणलं तरी ती टेबलापासून मागं सरकते आणि चेंडू असा कापते, की तो पलीकडं जाऊन जड होतो आणि पुढचा फटका जाळीत जातो. तीस वर्षं मी तिच्याशी खेळतोय. सुरुवातीला मीच जिंकायचो, असं मी सगळ्यांना सांगतो. ती ऐकून नुसती हसते.

परवाच्या स्पर्धेला आम्ही तिच्याच बसमधून ला व्हेगाला गेलो. हॉलमध्ये पाय ठेवतो न ठेवतो तोच आयोजक लेओन्सिओसाहेब हात पसरून पुढं आले.

"अभिनंदन, एर्सिलियाबाई! पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात तुमचं एकटीचंच नाव आलंय. म्हणजे तुम्ही जिंकलात. पहिल्या रांगेत बसा, कॉफी घ्या, संध्याकाळी कप देतो."

"कुणाला हरवलं मी?"

"कुणाला नाही. तेच तर म्हणतोय."

"मग कप कुणा शाळेला देऊन टाका. मला खुल्या गटात घ्या."

लेओन्सिओसाहेबांचा चेहरा पडला. "अहो, तिथं विशीच्या पोरी आहेत. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"रोज चाळीस पोरं बसमधून नेते मी. ती जबाबदारी पेलते, तर माझी मला पेलणार नाही?"

मागं राजधानीहून आलेली युलेइसी पाय ताणत उभी होती. एकोणीस वर्षांची, गेल्या वर्षीची विजेती. ती म्हणाली, "घ्या की आजींना. माझ्याशी गाठ पडली तर मला तेवढीच विश्रांती."

पोरी फिदीफिदी हसल्या. एर्सिलियानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. साहेबांना म्हणाली, "ऐकलंत? त्यांची हरकत नाही."

एक मुलगी आजारी पडल्यानं जागा रिकामी होती. तिथं एर्सिलियाचं नाव घातलं.

पहिली मुलगी सरळ तीन गेममध्ये हरली. दुसरी चौथ्या गेमला रडायला लागली. चेंडू कुठं जाऊन बसतोय हेच तिला कळेना. त्यानंतर मात्र हसू बंद झालं. उपांत्य फेरीत समोर आली युलेइसी.

पहिले दोन गेम एर्सिलियानं घेतले. मग पोरीच्या प्रशिक्षकानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तिनं जोर लावणं सोडलं. दाण्यांच्या बाजूला हळूच चेंडू ढकलायचा, एर्सिलिया मागं गेली की जाळीजवळ टाकायचा. एर्सिलियाला पुढं-मागं, पुढं-मागं धावायला लावलं. पुढचे दोन गेम पोरीचे. पाचव्यात आठ-आठ झाले आणि वीज गेली.

कुणाला नवल वाटलं नाही. जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हतं. पत्र्याखाली उकडायला लागलं. लेओन्सिओसाहेब घाम पुसत आले. "किती वेळ थांबायचं? बाई थकल्यात. युलेइसीला पुढं पाठवतो, बाईंचा आपण सत्कार करू."

"मी थकले असं मी म्हटलं?" एर्सिलियाचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला. तिनं टेबलावर हात ठेवला. "माझे आठ आहेत, तिचे आठ आहेत. तुमचे किती?"

आणि युलेइसीच म्हणाली, "मलाही असं नको, साहेब. अंधारानं जिंकवलं म्हणतील."

शेवटी आम्ही मोठं दार सताड उघडलं आणि टेबल दारापाशी ओढलं. एर्सिलियाच्या वाट्याला उन्हाकडं तोंड असलेली बाजू आली. ती डोळे बारीक करून उभी राहिली.

नऊ-नऊ. पोरीचा चेंडू जरा उंच आला. जन्मभर कापत आलेली ही बाई पुढं झाली आणि तिनं सणसणीत फटका मारला. चेंडू बोटभर बाहेर गेला. पुढचा चेंडू पोरीनं जाळीलगत टाकला, एर्सिलिया झेपावली, पण तिची बॅट पोचली नाही. अकरा-नऊ.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी ओरडलं, "या वयात काय खेळल्या हो!"

एर्सिलिया गर्रकन वळली. "या वयात म्हणू नका! हरले म्हणा. दोन चेंडू चुकले माझे, त्यात वयाचा काय संबंध?"

मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "कापायचा होतास. मारलास कशाला?"

"मारावासा वाटला."

"जिंकली असतीस."

"निकानोर, मारावासा वाटला म्हटलं ना."

युलेइसी हात मिळवायला आली. तोंडातून 'आजी' निघेना, दुसरं काय म्हणावं तेही सुचेना. एर्सिलियानंच तिचा हात धरला. "जाळीजवळचे चेंडू छान टाकलेस. पण डाव्या बाजूनं मारताना खांदा आधी उघडतेस, मला दिसत होतं. सुधार, नाहीतर पुढच्या वेळी तिथंच मार खाशील."

"पुढच्या वेळी?" पोरगी म्हणाली.

"सांतियागोच्या स्पर्धेला. नाव घातलंय मी."

ते मलाही तेव्हाच कळलं.

तेवढ्यात वीज आली आणि तिसऱ्या जागेच्या सामन्याचा पुकारा झाला. लेओन्सिओसाहेब लांबूनच माझ्याकडं बघून खुणावत होते, तिला बसव म्हणून. तिचा गुडघा सुजला होता, हे मलाही दिसत होतं. पण त्या बाईला 'बस' म्हणायची माझी काय टाप! तिनं बुटाची नाडी घट्ट बांधली आणि बॅट हातात फिरवत टेबलाकडं निघाली.