डावी का उजवी

डेअरीवर दूध मापून घेणारा तो माणूस सगळ्यांना दोनातलं एक निवडायला लावतो. "चहा का कॉफी, मामा? आज ऊन का ढग?" उत्तर यायच्या आत त्याची नजर परत मोबाईलमध्ये जाते. माप ओतताना दूध सांडलं तरी त्याला कळत नाही.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवल्या, तेव्हा त्यानं मोबाईलवर म्हशींची स्पर्धा काढली. लोकांनी फोटो पाठवायचे, रोज दोन म्हशी समोरासमोर, जिला मतं जास्त ती पुढं. एवढ्या मोठ्या माणसाला दुसरा उद्योग नाही. माझ्या पोरीनं आमच्या म्हशीचा फोटो पाठवला. त्यात दावं धरून मी उभी होते. त्यानं समोर दुसरी म्हैस लावलीच नाही. म्हैस आणि मी, आमच्या दोघींच्या फोटोखालीच लिहिलं, "डावी का उजवी?" सगळी गल्ली मत देऊन हसली.

सकाळी मी खाली मान घालून किटली घेऊन गेले.

"मावशी, म्हशीनं हरवलं की तुमास्नी," तो म्हणाला. "रागावलासा का न्हाय?"

या वेळी मात्र तो उत्तरासाठी थांबला. मागची माणसंही थांबली. मी झाकण न उघडताच किटली उचलली आणि समोरच्या डेअरीच्या रांगेत जाऊन उभी राहिले.