करंगळीचा ठसा
मशीनवर लोखंड कापताना गार ठेवायला सोडतात त्या कूलंटचा आंबूस, तेलकट वास आला की मला चाकणच्या कंपनीतली एक चहाची सुट्टी आठवते. नवा फोन माझा अंगठाच ओळखत नव्हता, म्हणून वैतागून मी लॉकच काढून टाकायला निघालो होतो. शेजारच्या मशीनवरच्या काकांनी माझा हात धरला. "अरे, लॉक काढू नको. कूलंटनं अंगठ्याच्या रेषा पार गेल्यात तुझ्या. करंगळीचा ठसा दे, ती कुठं काम करती?" करंगळीनं फोन लगेच उघडला. पुढच्याच महिन्यात तो कंपनीच्या बसमध्ये राहिला. दोन दिवसांनी मिळाला, तेव्हा कुणीतरी लॉकचे चुकीचे नंबर टाकून टाकून थकल्याचं स्क्रीनवर दिसत होतं, पण बायकोचे फोटो, बँक, सगळं शाबूत होतं. काका केव्हाच रिटायर होऊन गावी गेले. मी आता ऑफिसात बसतो, अंगठ्याच्या रेषाही परत आल्यात. फोन मात्र अजून करंगळीनंच उघडतो.