बाबांनी पाहिलेली दरी

राजूरच्या कोळसा खाणीतून बाबा निवृत्त झाले आणि आई गेल्यावर माझ्याकडे नेरला राहायला आले. दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहायचे. गावातला एक गाडीवाला पावसाळ्यात रविवारी चिखलदऱ्याची सहल काढतो. पहाटे निघायचं, रात्री परत. चालणं कमी, जेवण त्याच्याकडे, सोबत गाईड. मी आधी दोन जागा सांगून टाकल्या, मग बाबांना सांगितलं.

"कायले? डोंगर का पळून चालला?" ते म्हणाले. पण रविवारी माझ्याआधी तेच तयार.

परतवाडा सोडल्यावर घाट लागला. बाबांनी समोरच्या सीटचा दांडा धरला आणि डोळे मिटले. मला वाटलं, मळमळत असेल. लिंबू पुढे केलं तर मान हलवून नको म्हणाले. पहिल्या पॉइंटला सगळे उतरले, हे उतरेनात.

"काहून, बाबा?"

"तू जाय. मले खोल पाहवत नाही."

मला हसूच आलं. "जन्मभर जमिनीखाली काम केलं ना तुम्ही?"

"तिथं खाली गेलं तरी पायाखाली जमीन राहते, बाई. इथं काहीच नाही."

गाईड तिथलीच, पंचविशीतली मुलगी होती. तिनं आग्रह केला नाही. पुढच्या पॉइंटवर पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की उभी गाडीही नीट दिसेना. तिनं खिडकीवर टकटक केली. "काका, आता या. पाहायले काहीच नाही. भजे गरम आहेत."

बाबा उतरले. कागदातले भजे खात खात आपणहून कठड्यापर्यंत गेले. "खाणीत सुरुंग उडला का धुरानं असंच राहे," म्हणाले. बोलता बोलता वारा सुटला, धुकं सरकलं आणि पायाशी अख्खी दरी उघडी पडली.

भजे खाली सांडले. बाबांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. "बाई, इकडं ये." मी एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं ती मुलगी उभी राहिली.

"काका, ते कौलं दिसून राह्यले का? तिथं माही आत्या राह्यते."

"तिथं? इतक्या खाली?"

"हो ना. शेती आहे त्यायची. कुटकी पेरतात."

बाबा वाकून त्या कौलांकडे पाहत राहिले. रस्ता कुठून, पाणी कुठलं, पोरं शाळेत कुठं जातात, एकेक विचारू लागले. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला तरी हलेनात. कठड्यावरचे हात केव्हा सुटले, मला कळलं नाही.

दिवाळीनंतर त्यांनीच विषय काढला. आम्ही पुन्हा गेलो, पण ह्या वेळी त्या मुलीबरोबर खालच्या गावात. आत्यानं ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवून बाबा अंगणात आले, मान वर करून कड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथून बरं दिसते."