आधी घरची गाडी

गाड्यांचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून बदलणं हे तिचं काम. गाडी गॅरेजात न्यायला नको. इकडे हिने बटण दाबलं की तिकडे गाड्या उभ्या जागी अर्ध्या तासात नवं शिकून मोकळ्या. ऑफिसात तिला सगळे मुकादम म्हणत, आणि ती होतीही तशीच. कुणाचं ऐकेल तर शपथ! नवं काहीही आधी स्वतःच्या घरच्या गाडीत, मग लोकांच्या, हा तिचा नियम. नवरा वैतागायचा, "आपली गाडी म्हणजे काय प्रयोगशाळा आहे?" ती म्हणायची, "मग लोकांची आहे का?"

त्या दिवशी बारा वाजता चाळीस हजार गाड्यांची पाळी होती. अकराला तिने पडद्यावर घरची गाडी पाहिली: उभी आहे, कुलूप आहे, ड्रायव्हरची सीट रिकामी. घराखालीच असेल असं धरून तिने बटण दाबलं.

दहा मिनिटांत सासूबाईंचा फोन. "अगं, तुझी गाडी मेली वाटतं. काच उतरत नाही, दार उघडत नाही. आणि तुझा नवरा मला बाजारात उन्हात ठेवून दुकानातून चष्मा आणायला गेलाय तो गेलाच!"

सासूबाई गाडी थांबायच्या आधीच दार उघडत, म्हणून मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं लॉक तिनेच लावलं होतं. काम पुरं होईपर्यंत काचा, एसी, भोंगा सगळं बंद. अजून वीस मिनिटं, आणि अर्ध्यात थांबवायची सोय नाही. नवऱ्याला फोन लावावा, तर त्याचा मोबाइल पुढच्या सीटवरच पडलाय असं सासूबाई म्हणाल्या.

"आई, पुढे सरकता येईल?"

"या गुडघ्यांनी?"

"बरं, काठी आहे ना? तिची मूठ पुढच्या दाराच्या आतल्या कडीत अडकवा आणि मागे ओढा. ते दार आतून उघडतं."

"निसटली."

"पुन्हा."

"निसटली मेली! जीव घाबरा होतोय गं."

"आई, पुन्हा. मी आहे इथे."

खट्ट आवाज झाला. "उघडलं गं बाई!" तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

साहेब आले. "सुटल्या ना त्या? मग सोडा चाळीस हजार. मागे म्हातारं माणूस एकटं बसलंय, असं कितीदा होतं?"

"पहिल्याच गाडीत झालं, साहेब."

तिने सगळी रांग रद्द केली आणि अहवालात लिहिलं: फक्त ड्रायव्हरची सीट तपासायची असं मी ठरवलं, चूक माझी. साहेब म्हणाले, सॉफ्टवेअरची चूक लिहा, नाव कशाला घालता? ती म्हणाली, "सॉफ्टवेअर काय आभाळातून पडलं?" अहो, असं लिहायला छाती लागते. आपण साधा कप फुटला तरी मांजरावर ढकलतो.

घरी तिने माफी मागितली. सासूबाई रागावल्या नाहीत, पण गाडीत बसायचं नाव काढेनात. डॉक्टरकडे बसने गेल्या, गुडघे धरून. ते तिला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तीन आठवड्यांनी नवं तयार झालं. आता गाडी प्रत्येक सीट तपासणार होती. पहिली गाडी अर्थात घरचीच. भर दुपारी ती स्वतः मागच्या सीटवर बसली, नवऱ्याला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं आणि ऑफिसात फोन केला, "पाठवा." गाडीतल्या पडद्यावर आलं: आत कुणीतरी आहे, नंतर करू. ती उतरली नाही. "पुन्हा पाठवा." पुन्हा नकार. घामाने निथळत ती बसून राहिली, पाचदा पाठवायला लावलं. नवरा बाहेर किल्ली हातात धरून घड्याळ बघत होता.

सासूबाई गॅलरीतून हे सगळं बघत होत्या. त्या कठडा धरत जिना उतरल्या, मुलाकडून गाडी उघडून घेतली आणि मागच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"सरक तिकडे," त्या सुनेला म्हणाल्या. "सांग त्यांना, अजून एकदा पाठवा म्हणावं."

आत बसून त्यांनी दार स्वतःच ओढून घेतलं.