दाराशी कोण बसलं होतं?

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माहेरी, सासरी, ऑफिसात — कुणालाही विचारा. भावजयीला दिवस गेल्याचं भावाच्या आधी अख्ख्या गल्लीला कळलं, ते माझ्यामुळं. त्यावरून अजून बोलणी खाते. आणि तरी एक गोष्ट अशी आहे की जी मी नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. माहूरला देवीपुढं हात जोडून उभी राहिले तेव्हा सांगावी म्हणत होते, पण तिथंही भलतंच काहीतरी मागितलं आणि पायऱ्या उतरले. आज तुम्हाला सांगायला बसलेय. आजच का — ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

मी सर्व्हेच्या कामातली बाई. आता नव्या पोरापोरींना शिकवते, पण तेव्हा स्वतः फिरायची. लातूरला आमची एक लहानशी संस्था होती. पुण्या-मुंबईकडून काम यायचं आणि आम्ही लातूर-नांदेडची खेडी पालथी घालायचो. लोकांचं कसं चाललंय, सरकारवर भरवसा आहे का, सरपंच काम करतो का, आमदार कधी तोंड दाखवतो का — असले प्रश्न. तुम्ही पेपरात वाचता ना, एवढे टक्के जनता समाधानी, एवढी नाराज? ती जनता म्हणजे आम्ही ज्या ओट्यावर बसून पाणी मागायचो, त्या घरातली बाई.

आता गंमत बघा. कसं चाललंय विचारलं की आपल्याकडं माणूस आधी काय म्हणतो? ‘बरं हाय.’ घरात दुखणं असो, पोरगं भांडून निघून गेलेलं असो — बरं हाय. हे ‘बरं हाय’ कुठल्या खान्यात टाकायचं? टॅबवर पूर्ण समाधानी, थोडंफार समाधानी, नाराज, एकदम नाराज असे खाने होते. ‘बरं हाय’ला खानाच नव्हता. म्हणून आमच्याकडून दोन गोष्टी घोटून घेतल्या होत्या. पहिली — माणसाला आधी शब्द द्यायचा, की तुमचं नाव अन् तुमचं उत्तर कुणालाही कळणार नाही; तेव्हाच तो ‘बरं हाय’च्या पुढं जातो. दुसरी — प्रश्नातच उत्तर घालायचं नाही. ‘रस्ता खराब आहे ना?’ असं नाही, ‘रस्ता कसा आहे?’ असं विचारायचं. कारण आपली माणसं भिडस्त, पुढं केलेलं उत्तर उचलतात. हे दोन्ही मी आता शिकवते, आणि छान शिकवते. पोरी वहीत लिहून घेतात.

गाव देगलूरच्या पुढचं, तेलंगणाच्या अंगाला. नाव सांगत नाही. तिथं नरसाबाईचं घर सर्व्हेत निघालं. शाळेत खिचडी शिजवायची ती. पन्नाशीची असेल, माहेर पलीकडचं, तेलुगू. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मराठी बोलता बोलता वाक्य संपलं की म्हणायची, ‘अंते.’ म्हणजे बस, एवढंच. आणि पीठ झाडावं तसे दोन्ही तळहात एकमेकांवर झाडायची. त्या गावात तिकडून आलेल्या सुना आणखीही होत्या, पण ‘अंते’ म्हणून हात झाडायची सवय हिचीच.

एकाच अंगणात दोन भावांची घरं. धाकटी जाऊ कोंडाबाई, ती त्या वेळी दाराशी बसून तूर निवडत होती. एक चूल पेटवायची आणि दोघींच्या भाकरी व्हायच्या, असं ते घर. नरसाबाई आधी नेहमीसारखं ‘बरं हाय’ म्हणाली. मी शब्द दिला — कुणाला म्हणजे कुणाला कळणार न्हाई, बघा. मग मी शिडीचं चित्र काढलं. आमच्याकडं असायचं ते, दहा पायऱ्यांची शिडी. सगळ्यात वर सगळ्यात चांगलं आयुष्य, तळाशी सगळ्यात वाईट. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात, दाखवा म्हणायचं. लोक बोट फिरवत बसायचे आणि शेवटी मधल्या पायरीवर ठेवून मोकळे व्हायचे. नरसाबाईनं ते चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, “पायरीवर कुटं? मी खाली शिडी धरून उभी हाय. चढायलाय सरपंच. अंते.” आणि हात झाडले.

अहो, मी इतकी हसले! कोंडाबाई तर तोंडात पदर घालून हसत होती. इतक्या गावांत इतके अहवाल झाले, पण राजकारणाबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या नावापुढं ‘एकदम नाराज’ दाबलं आणि तिथंच थांबायला पाहिजे होतं. थांबले का?

गावात खाणावळ नव्हती. दुपारी सरपंचांनी घरी जेवायला बोलावलं, आणि आम्ही गेलो. जायचं नसतं, माहीत होतं. पण भूक लागलेली, आणि माणूस अगत्यशील. पंगतीला ग्रामसेवक, दोन-चार गावकरी, मी आणि माझ्या हाताखालची एक पोरगी. सरपंच हसून म्हणाले, “काय म्हणतंय आमचं गाव? पास केलं का नापास?” मी म्हटलं, ते सांगता येत नाही साहेब. इथवर ठीक होतं. पण पंगतीत सगळे माझ्याकडं बघत होते — आणि मला लहानपणापासून एक खोड आहे. नकला करायची. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंची नक्कल करून मी बक्षीस घेतलेलं. लोक हसले की मला भान राहत नाही. मी म्हटलं, “नाव नाही हं सांगत. पण एक बाई काय म्हणाली, ऐका.”

आणि केली. तो आवाज, ते ‘अंते’, ते हात झाडणं — सगळं.

पंगत हसून लोटपोट. सरपंच तर डोळे पुसत होते. म्हणाले, “वा, म्याडम! पुन्हा एकदा म्हणा बरं.” त्यांची बायको वाढत होती. तिचा हात परातीतल्या भाकरीवर तसाच थांबला आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.   मला कळलं, सांगते तुम्हाला — त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. नाव मी घेतलं नव्हतं, पण घ्यायचं राहिलं तरी काय होतं? तरी सरपंच पुन्हा म्हणा म्हणाले, आणि मी पुन्हा म्हटलं. त्या दुसऱ्या वेळेला तर हशानं भान हरपलं असंही नव्हतं. नुसती नाही म्हणायची भीती.

तुम्ही म्हणाल, झालं, हाच तो गुन्हा. मीही बरेच दिवस स्वतःला असंच सांगत होते — जीभ घसरली, कुणाची घसरत नाही? पण हे काहीच नाही. खरं पुढंच आहे.

काही महिन्यांनी मी फेरतपासणीला गेले. आमची पोरं खरंच घरोघर गेली होती का, हे बघायला काही घरी परत जावं लागतं. नरसाबाई शाळेच्या वेळेला घरीच होती. खिचडीत खडे निघाले म्हणून तिला कामावरून काढलं होतं. इतकी वर्षं निघाले नाहीत ते खडे नेमके आत्ताच निघाले. शाळेच्या कमिटीत कुणाची माणसं होती, हे सांगायला नको. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “म्याडम, मी त्या दिवशी बोलले ते तुमालाच बोलले होते. सरपंच मला माजेच शब्द ऐकवून गेला, शिडीचे. त्याला कळलं कसं?”

तिच्या मनात माझ्याबद्दल शंकासुद्धा नव्हती, हो! मी शिकलेली, लातूरहून आलेली, मी शब्द दिलेला. ती मला विचारत होती ते माझ्यावर संशय घ्यायला नाही. मला जास्त कळतं म्हणून.

तेव्हा मी काय करायचं होतं? सांगायचं होतं. पाया पडायचं होतं. निदान गप्प बसायचं होतं. मी म्हणाले —

थांबा, सांगते.

मी म्हणाले, “त्या दिवशी आपण बोलत होतो, तेव्हा दाराशी कोण बसलं होतं हो?”

मी खोटं बोलले नाही, बघा. एक शब्द खोटा नाही त्यात. नुसता प्रश्न विचारला. प्रश्नात उत्तर घालायचं नाही हे पोरींना शिकवणाऱ्या मी, असं बेमालूम उत्तर घातलं की त्या उत्तराला माझा हातसुद्धा लागलेला दिसू नये. नरसाबाईनं आठवून पाहिलं. म्हणाली, “कोंडाबाई बसली होती. पण ती तसली न्हाई.” मी लगेच म्हटलं, “अहो, मी कुठं काय म्हणतेय? मी आपलं विचारलं.” तिनं अंगणात पाहिलं. तिकडं कोंडाबाई वाळवण सारखं करत होती, आमच्या दोघींच्या बोलण्याचं तिला काही माहीत नव्हतं. मी पाणी संपवलं आणि उठले. जीपमध्ये बसल्यावर मला हलकं वाटलं. हेही सांगते, कारण ते खरं आहे — मला हलकं वाटलं.

पुढच्या फेरीला त्याच गावात परत गेले. टाळता आलं असतं, पण कारण काय सांगणार? गावात दारोदार तेच ऐकू येत होतं. सरपंच कसे? चांगले. सरकारवर भरवसा? हाय ना. समाधानी आहात? पूर्ण, लिवा. शिडीचं चित्र काढलं की बोट थेट आठव्या-नवव्या पायरीवर. बायका हसत नव्हत्या, पाणी देत होत्या, पुढचं विचारा म्हणत होत्या. मी शब्द देत होते, आणि त्या मान हलवत होत्या. अहवाल निघाला तेव्हा त्यात त्या भागातल्या जनतेचा विश्वास वाढल्याचं आलं. पुण्याच्या साहेबांनी मीटिंगमध्ये आमच्या टीमचं कौतुक केलं. लोकांना काय वाटतं, हे असल्या आकड्यांतून कळतं म्हणे. त्या गावाच्या आकड्यांतून एकच गोष्ट कळत होती, की तिथल्या लोकांनी माझ्यापुढं तोंड उघडायचं सोडून दिलंय. आणि हे वाचता येणारी त्या खोलीत मी एकटी होते. मी चहाबरोबरचं बिस्किट खात बसले.

पण त्या फेरीच्या दिवशी गावातलं शेवटचं घर कोंडाबाईचं होतं.

अंगणात मधोमध पत्रे उभे केलेले. अलीकडं हिची चूल, पलीकडं तिची. कोंडाबाई वाळली होती. मला बघून ती अशी लगबगीनं पुढं आली की मी मागंच सरले. तिनं माझा हात धरला. म्हणाली, “म्याडम, तुमी आलात लई बरं झालं. जाऊ माझ्याशी बोलना गेली. मी सरपंचाला सांगितलं म्हनती. तिला काडल्यावर ते काम मला द्यायले होते, मी न्हाई म्हनले. तिच्या ताटातलं कसं घेऊ? ते बी तिला खरं वाटंना. तुमी होता की त्या दिवशी. तुमीच सांगा तिला, मी काय बोलले का कुनाला?”

पत्र्यापलीकडं नरसाबाई भांडी घासत होती. घासायचा आवाज थांबला.

सगळ्या जगात फक्त मी ते पत्रे काढू शकत होते. एका वाक्यानं. ‘नरसाबाई, तिनं नाही, मी सांगितलं’ — इतकंच वाक्य. काय झालं असतं मला? नोकरी गेली असती कदाचित. कदाचित तीही नाही. शिव्या बसल्या असत्या. त्या अंगणात मी वाईट ठरले असते, आणि त्या दोघी परत एका चुलीशी बसल्या असत्या.

मी म्हणाले, “खूप घरं फिरतो हो आम्ही. मला आता काही आठवत नाही.”

कोंडाबाईनं माझा हात सोडला. रागानं नाही, हळूच सोडला, आपणच चुकीच्या माणसाला विचारलं असं तिला वाटलं असावं. पलीकडं भांडी घासायचा आवाज परत सुरू झाला. मग ती आत जाऊन चहा घेऊन आली, पाहुण्याला तसंच कसं लावून द्यायचं म्हणून, आणि मी तो प्यायले. टॅब काढला. तुम्ही समाधानी आहात का, विचारलं. तिनं ‘बरं हाय’ म्हटलं, आणि मी एक खाना दाबला.

मला सगळं आठवत होतं. कोंडाबाईनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं मी होतं, आणि संशय घातला तोही मीच. हे त्या पत्र्याशी उभं राहून बोलायला पाहिजे होतं. मी इथं बोलतेय, जिथं त्या दोघींपैकी कुणालाच ऐकू जात नाही.