मामाने सरकवलेला दगड

ज्या माणसामुळे मी भरतीत नापास झालो, तो माणूस काल गेला.

माझे मामा. आयुष्यभर कालव्यावर मजुरी केली.

सतरा वर्षांनी फौजेतून डिस्चार्ज घेऊन मी वडीगोद्रीला आलो तेव्हा गावाने हार घातले. दोन वर्षांत मी सोफ्यावर बसून पोट वाढवलं.

खरं सांगतो, युनिफॉर्मशिवाय मला माझंच काही कळेना. बायकोवर ओरडायचो, नंतर लाज वाटायची.

पेन्शनवर आलेल्या जवानाला फौजेत पहारा-सुरक्षेच्या कामासाठी परत घेतात. पण मेडिकल आणि ठरलेल्या वेळेत सोळाशे मीटर रनिंग काढावं लागतं.

मामा म्हणाले, "बसून काय राह्यला? ऊठ. मी घड्याळ धरतो."

कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर त्यांनी अंतर मोजलं. शेवटाला चुना लावलेला एक दगड ठेवला.

पहिल्या दिवशी मी दगडापाशी पोचलो आणि ओकलो. मामा पाठीवर हात फिरवत राहिले.

मग हळूहळू टायमिंग सुधारलं. चार महिन्यांत मी वेळेच्या आत यायला लागलो. मी खूश, मामा गप्प.

भरतीच्या ग्राउंडवर मात्र रेघ येता येईना. शिट्टी वाजली तेव्हा मी बराच मागे होतो.

मामा फाट्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. माझं तोंड पाहिलं आणि पुडा पिशवीत टाकला.

"दगड म्या सरकवला," म्हणाले. "तुझे हाल पाहवत नव्हते रे. रोज थोडा थोडा जवळ आनला. वाटलं, हिंमत येईल, मंग नेऊ परत मागं. पन तू इतका खूश होऊन राह्यला... नेवंच वाटलं न्हाई."

मी चार लोकांदेखत म्हणालो, "तुम्ही माझं वाटोळं केलं."

वयात बसेल अशी एकच भरती उरली होती.

आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी सकाळी मामा दारात. एका हातात मोजायचा टेप, दुसऱ्या हातात घमेलं. घमेल्यात कालवलेलं सिमेंट.

"टोक धर," म्हणाले. "जल्दी. माल सुकून राह्यला."

आम्ही दोघांनी बराबर सोळाशे मीटर मोजले. मामांनी तिथे खड्डा केला आणि दगड सिमेंटमध्ये बसवला.

"आता माह्या बापाला बी हलणार न्हाई."

त्यानंतर मी कितीदा ओकलो ते मोजलं नाही. मामा दरवेळी तोंड फिरवून कालव्याकडे बघायचे. पण दगड तिथेच राहिला.

मी पास झालो.

मामा जालन्याला गाडीत बसवायला आले, तेव्हा 'वाटोळं केलं' हा शब्द परत घ्यायचा होता. जीभ रेटली नाही. म्हटलं, पुढच्या सुट्टीत. तीन सुट्ट्या अशाच गेल्या. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "पळून राह्यला ना?"

काल हार्ट अटॅक आला. सुट्टी लगेच मिळाली, पण मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

आज सकाळी कालव्यावर जाऊन पळालो. पूर्ण सोळाशे.

शेवटी घड्याळ धरून कुणी नव्हतं. दगड होता. चुना ताजा होता.

मामी म्हणाली, "दर महिन्याला लावून येत होते. म्हनायचे, सुट्टीवर आला तर त्याला लांबून दिसला पाहिजे."

मामा, तो शब्द मी परत घेतो.

उशीर झाला. माफ करा.

शेवटचा जय भीम.