आधी बंद कसं होतं ते दाखवा

चाचांच्या खिशात टेप नसायचा. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, पण माप घ्यायचं ते उजव्या हाताच्या बोटांनी. अंगठ्याचं पेर म्हणजे इंच, चार बोटं म्हणजे तीन इंच, वीत म्हणजे नऊ. मी मागून टेप लावून बघायचो. एक सूतही इकडंतिकडं नसायचं, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. "दादा, टेप माणूस घरी इसरतो, हात न्हाई इसरत," असं म्हणून ते पेन्सिल कानावर ठेवायचे.

ते मूळचे वरवंडचे. तळेगाव ढमढेऱ्यात माझ्या वर्कशॉपला लागले तेव्हा साठीला आले होते. गावात खोली घेऊन राहायचे आणि रविवारी जीपनं घरी जायचे. मालक मी होतो, पण गिऱ्हाईक येऊन आधी त्यांनाच सलाम करायचं. करणारच, कारण मला फळीतली गाठ दिसायची ती रंधा मारल्यावर, त्यांना ती लाकूड उतरवतानाच दिसायची.

हत्यार घेताना मात्र दुकानदार त्यांना वैतागायचे. कुठलंही मशीन पुढं ठेवलं की चाचा म्हणायचे, "आधी बंद कसं व्हतं ते दाखवा. चालू काय, कुत्रं बी करंल." मग ते खटका दाबून सोडायचे, परत दाबायचे, कान लावून ऐकायचे. शिरूरचा दुकानदार एकदा मला हळूच म्हणाला, "तुमचे चाचा मशीन घ्यायला आलेत का सोयरीक जमवायला?"

कारेगावच्या एका बिल्डिंगचं काम मिळालं. सगळ्या फ्लॅटच्या किचनमधल्या कपाटांचे शटर, प्रत्येकाच्या कडेला नक्षी. नक्षी कोरायचं मशीन, म्हणजे राउटर, हातात धरून एवढं काम उरकणार नव्हतं, म्हणून चाचांनी स्वतः टेबल बनवलं. राउटर टेबलाखाली उलटा टांगायचा, पात्याचं टोक तेवढं वर काढायचं आणि लाकूड हातानं पुढं सरकवायचं. टेबल झालं, राउटर घ्यायचा राहिला. त्या शुक्रवारी चाचांना नमाजाला जायचं होतं. मला म्हणाले, "दादा, तुम्ही जावा, पण ध्यानात ठेवा. टेबलाखाली हात जात न्हाई. म्हणून खटका धरून ठेवावा लागतो तसलं नको, बटणाचं घ्या. आन् लाइट जाऊन परत आली तर आपसूक चालू झालं न्हाई पायजे. पात्याचे फेरे कमी करता आले पायजेत. ताकद थोडी कमी आसली तरी चालंल."

दुकानदारानं दोन राउटर काउंटरवर ठेवले. एक चाचांनी सांगितलेला, अगदी तसाच. दिसायला बारका, किरकोळ. दुसरा दणकट, तीन घोड्यांच्या ताकदीचा, चालू केला तर काउंटरवरच्या बरण्या थरथरल्या. त्याला बटण नव्हतं, बोटानं धरायचा खटका होता. मी दणकट उचलला. का, तर मला तो आवडला. शेजारच्या वर्कशॉपवाल्याला दाखवायचा होता. दुसरं कारण नव्हतं, आणि आता कितीही शोधलं तरी सापडत नाही.

चाचांनी पिशवीतून काढून बघितला आणि माझ्याकडं पाहिलं.

"बटणाचा न्हवता का?"

"न्हवता चाचा. शिरूरमधी तसला येतच न्हाई म्हणाला."

"मग पुण्याहून मागवा. आठ दिस थांबू."

"आठ दिस कोण थांबतंय! मी करतो जुगाड."

मी खटका दाबला आणि वरून चिकटपट्टीचे सात-आठ वेढे घट्ट मारले. वायर टेबलाच्या पायाला ठोकलेल्या बोर्डात घातली. चालू-बंद आता बोर्डावरून. चाचांनी पहिलं शटर टेबलावर घेतलं. मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्यांना वाईट खोड होती.

बारा-तेरा दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी शटर अर्धं झालेलं असताना लाइट गेली. पातं थांबलं. पात्याभोवती भुसा गच्च बसला होता, तो काढायला चाचांनी बोटं घातली. चाळीस वर्षांत त्यांनी खटक्याचंच मशीन वापरलं होतं. हात सोडला की बंद, मग लाइट येवो नाहीतर जावो. हाताला तेवढंच ठाऊक होतं. बोर्डावरचं बटण तसंच चालू होतं आणि खटका मी बांधून टाकला होता. तेवढ्यात लाइट आली.

पुढचं मी लिहीत नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शिक्रापूरच्या दवाखान्यात चाची वरवंडहून आल्या, त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. चाचा खाटेवरून म्हणाले, "दादाला बोल लावू नगंस. त्यानं शोधलं, पण मिळालंच न्हाई त्याला." चाचींनी मान हलवली. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेलो.

आठवड्यात मी त्याच दुकानातून तो बारका राउटर आणला. फडताळात तिथंच होता. महिन्यानं चाचा आले तेव्हा सांगितलं, पुण्याहून मागवला. त्यांनी डाव्या हातानं बटण दाबलं, मशीन चालू असताना पिन उपसली, परत घातली. राउटर गप्प. चाचांचं तोंड असं उजळलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"ह्योच! आता कुणाला भ्या न्हाई. लई उपकार झाले दादा."

नंतर ते दोन-तीनदा आले. एकदा विसरून फळीवर उजवा हात ठेवला, माप घ्यायला. थोडा वेळ बघत राहिले, मग हात खिशात घालून बाहेर गेले. त्यांना परत काम जमलं नाही. वरवंडला दारात बसून असायचे. मी दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचंच. गेलो की पिकापाण्याचं बोलायचो. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले. मातीला मी होतो.

चाळिसाव्याला चाचींनी मला आतल्या खोलीत बोलावून जेवू घातलं. त्यांचा राग कधीच गेला होता. वाढता वाढता म्हणाल्या, "दादा, शेवटपत्तर तुमचंच नाव काढायचे. म्हणायचे, माझा हात गेल्यावर पोरानं पुण्याहून मशीन आणलं. आधी मिळालं असतं तर आधीच आणलं असतं त्यानं. व्हय का न्हाई?"

त्या उत्तराची वाट बघत वाडगं धरून उभ्या होत्या.

"व्हय चाची," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या ताटात अजून एक डाव वाढला आणि मी तो खाल्ला.